हलके उन्हाळी बूट: धुणं, वाळवणं आणि कपड्यांशी जमवणं

अनवाणी (धागाकर्ती)

उन्हाळ्यात पायात येतात ते बूट दिसायला साधे असतात: कॅनव्हासचे स्नीकर, तागाच्या तळाचे एस्पाड्रिल, बिनलेसचे लोफर, बोट शू (नावेवर घालायचे, न घसरणारे बूट), कॉर्कच्या तळव्याच्या सँडल. पण यांतला प्रत्येक प्रकार वेगळ्या कारणाने वाया जातो. कॅनव्हासला आत राहिलेला साबण नडतो, तागाला पाणी, कॉर्कला कडक ऊन, स्वेडला (मखमलीसारखी लव असलेल्या कातड्याला) तेलाचा डाग आणि फोमच्या सोलला उष्णता. एकच बादली, एकच पावडर आणि गच्चीतलं ऊन असा सरसकट उपाय केला की चांगला जोडही एका मोसमात जुना दिसायला लागतो. म्हणून प्रकारवार माहिती एका जागी असावी, यासाठी हा धागा.

सुरुवात पांढऱ्या कॅनव्हासपासून करते, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात.

लेस आणि आतला तळवा (निघत असेल तर) काढून घ्या. बूट कोरडे असतानाच कडक ब्रशने माती झाडा. ही पायरी गाळू नका. धूळ ओली झाली की ती विणीत आणखी आत शिरते आणि मग घासून घासून कापडाला लव येते. सोल आधी धुवायचा, कापड नंतर. उलट केलं तर सोलचा काळा राप स्वच्छ कापडावर उतरतो.

एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा (5 मिली) सौम्य द्रव साबण पुरतो. जुना, मऊ झालेला टूथब्रश घेऊन छोट्या छोट्या गोल हालचालींनी घासा आणि पूर्ण बूट एका वेळी घासा. फक्त डागापुरतं धुतलं तर वाळल्यावर त्याच्या कडेने वर्तुळ उमटतं. सोल आणि कापड जिथे चिकटवलेले असतात त्या रेषेवर जोर लावू नका.

मग खळबळणं. साबण घासायला पाच मिनिटं लागली असतील तर तो काढायला दहा द्या. पाणी तीनदा-चारदा बदला. बूट दाबल्यावर फेस येत असेल तर काम अजून झालेलं नाही.

---

शिवण

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक शंका: ओले असताना पांढरेशुभ्र दिसणारे बूट वाळल्यावर पिवळट कसे होतात? विशेषतः सोलच्या जरा वर आणि शिवणीच्या कडेने पट्टा उमटतो. परत धुतलं तर तो आणखी गडद होतो.

---

रसायनी

@शिवण, यात तीन गोष्टी एकत्र येतात. साबणाची पावडर अल्कधर्मी असते आणि ती कापडाच्या थरांत राहून जाते. अस्तर, फोम आणि चिकटद्रव्यातले पिवळट घटक पाण्यात थोडे सुटतात. आणि पाणी लोहयुक्त असेल तर त्याचीही छटा चढते. बूट वाळताना पाणी आतून बाहेर येतं आणि पृष्ठभागावरून उडून जातं. सोबत आणलेलं सगळं ते तिथेच सोडून जातं. म्हणून पट्टा नेहमी सर्वांत शेवटी वाळणाऱ्या भागावर येतो, म्हणजे सोलच्या वर आणि जाड शिवणीपाशी. परत धुताना पुन्हा पावडरच वापरली तर डाग वाढणारच.

उपाय याच तत्त्वावर आहे. शेवटच्या खळबळण्यात एक लिटर पाण्याला दोन टेबलस्पून (30 मिली) पांढरं व्हिनेगर घाला आणि त्यात बूट दहा मिनिटं ठेवा. त्याने अल्कधर्मीपणा मरतो. मग एकदा साध्या पाण्यातून काढा. टॉवेलात दाबून पाणी टिपा, पिळू नका. आता पांढऱ्या, बिनरंगी, बिनवासाच्या टिश्यू कागदाचे दोन-तीन थर बुटावर बाहेरून गुंडाळा. ओल्या कापडाला कागद पूर्ण चिकटलेला हवा, मध्ये हवेची पोकळी नको. पाणी कागदातून उडतं आणि पिवळेपणा बुटावर न बसता कागदावर बसतो. बूट पूर्ण, अगदी पूर्ण वाळल्यावरच कागद सोडा. अर्धवट ओलसर असताना सोडला तर उरलेल्या ओलीबरोबर डाग पुन्हा वर येतो.

आधीच पिवळे झालेले असतील तर ऑक्सिजन ब्लीच (सोडियम परकार्बोनेट): 40 अंशांच्या एक लिटर पाण्यात 10 ते 15 ग्रॅम, फक्त अर्धा तास. गार पाण्यात ते जवळजवळ कामच करत नाही. जास्त वेळ ठेवलं तर अ‍ॅल्युमिनियमच्या आयलेट (लेसच्या भोकांच्या कड्या) काळपट होतात. कातडं, रेशीम, लोकर यांपैकी काहीही बुटाला लावलेलं असेल तर हे वापरू नका.

क्लोरिनचं ब्लीच मात्र टाळाच. ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टिकला आणि काही धाग्यांना ते स्वतःच पिवळं करतं, सुती धागा कमजोर करतं आणि लोखंडी भागांना गंज आणतं. आणि ते व्हिनेगरबरोबर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरिन वायू सुटतो. हा इशारा औपचारिकता म्हणून दिलेला नाही. बंद मोरीत हे खरोखर धोक्याचं आहे.

---

पाऊलवाट

कागदाच्या युक्तीला +1. बुटाच्या आतही कागद कोंबा, पण साधा पांढराच. वर्तमानपत्राची शाई ओल्या पांढऱ्या अस्तराला लागते. पहिले काही तास दर दोन तासांनी आतला कागद बदला, नाहीतर तोच ओल धरून बसतो.

वॉशिंग मशीनबद्दल काय मत आहे? गार पाणी, जाळीची पिशवी आणि सौम्य फेरी असेल तर चालावं असं वाटतं.

---

अनवाणी

माझा विरोध आहे. पाणी गार असलं तरी आपटणं उरतंच. टाचेच्या आत आकार धरून ठेवणारा जो कडक तुकडा असतो, तो बऱ्याच जोडांत दाबलेल्या पुठ्ठ्यासारख्या पदार्थाचा असतो. तो भिजून वाकला की परत सरळ होत नाही आणि मग बूट टाचेवर लुळा पडतो. सोलचा चिकटपट्टाही पंज्याच्या वळणापाशी उकलायला लागतो.

---

रसायनी

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, कारण बांधणीवर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीच्या कॅनव्हास बुटांत रबर आणि कापड एकत्र भट्टीत घालून व्हल्कनाइझ करतात. रबरात गंधक मिसळून ते तापवण्याच्या या प्रक्रियेचं पेटंट चार्ल्स गुडइयर यांनी 1844 मध्ये घेतलं. हा जोड पक्का असतो. दुसरे बूट नुसते चिकटद्रव्याने जोडलेले असतात. तिथे 60 अंशांच्या आसपास चिकटपणा सैल पडू शकतो.

ओळखायचं कसं? सोलभोवती रबराची वेगळी पट्टी गुंडाळलेली आणि पंज्यापाशी तिचा सांधा दिसत असेल तर बहुधा व्हल्कनाइझ. साच्यातून आलेला एकसंध, कपासारखा सोल असेल तर चिकटवलेला, क्वचित वर शिवलेलाही. पहिला प्रकार मशीनमध्ये घालायचाच असेल तर 30 अंशांच्या आत, दोन टॉवेल सोबत घेऊन, सर्वांत कमी वेगाच्या पिळण्यावर. दुसरा हातानेच धुवा. ड्रायर दोन्हींना नको.

---

मोरपीस

पांढऱ्या रबराच्या कडा पिवळ्या पडतात त्यावर कोणी लिहील का? आणि तो 'जादूचा स्पंज' म्हणून मिळतो तो सुरक्षित आहे का?

---

तळटीप

तो स्पंज मेलामाइनच्या फोमचा असतो. प्रत्यक्षात तो अत्यंत बारीक सँडपेपर आहे. रबराच्या कडेवर ओला करून हलक्या हाताने चालतो. चकचकीत कातड्यावर, छापील कापडावर किंवा रंगवलेल्या सोलवर घासला तर चमक आणि रंग दोन्ही नेतो.

रबराचा पिवळेपणा दोन प्रकारचा. वर बसलेला मळ असेल तर पांढरी टूथपेस्ट आणि ब्रश पुरे, जेलची टूथपेस्ट उपयोगी नाही. ऑक्सिडेशनने रबरच पिवळं झालं असेल तर घासून काहीच होत नाही. तिथे केसांना वापरतात ते 12 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लागतं. कापडाला मास्किंग टेप लावा, हातमोजे घाला, क्रीम सारख्या जाडीने पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि उन्हात ठेवा. दर तासाला बघा. क्रीम वाळलं तर पट्टे उठतात, म्हणून वाळायच्या आत पुन्हा लावा. दोन ते चार तास पुरतात. मग नीट धुवा. हा उपाय कायमचा नाही, रबर पुढे पुन्हा पिवळं पडतं. वर्षातून एकदापेक्षा जास्त करू नये, रबराला चिरा पडतात.

हा या धाग्यातला उन्हात ठेवायचा एकमेव प्रसंग. बाकी सगळं सावलीत, वाहत्या हवेत.

---

शिवण

रंगीत कॅनव्हासचं? मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सर्रास सांगितलं जातं.

---

रसायनी

नाही होत. कापड रंगवताना रंग धाग्यात नीट शिरावा म्हणून मीठ वापरतात, ते खरं. पण रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आतल्या बाजूला ओलं पांढरं फडकं एक मिनिट दाबून धरा. रंग लागला तर तो बूट भिजवायचाच नाही. फेसाळ साबणाने वरच्यावर घासून ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा.

---

पाऊलवाट

एस्पाड्रिल राहिले. हे नावच मुळी एस्पार्तो या गवतावरून आलं आहे. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या पिरेनीज भागातलं हे पादत्राण. पूर्वी तळ त्या गवताच्या दोरीचा असे, आता तागाचा. वेणी घातलेली दोरी गुंडाळून तळ करतात आणि कापड कडेने जाड दोऱ्याने शिवतात. खाली बरेचदा रबराचा पातळ थर असतो, पण तो पूर्ण तळ झाकत नाही. म्हणून 'खाली रबर आहे, भिजलं तरी चालेल' हा समज चुकीचा. ताग पाणी शोषून फुगतो, शिवण ताणली जाते आणि वाळल्यावर तळ वेडावाकडा राहतो. वारंवार भिजला तर कुजतो.

त्यामुळे बुडवून धुणं नाहीच. कापडाला साबणाचा फक्त फेस लावा, पाणी नको, आणि ओलसर फडक्याने उचलून घ्या. तागावर कोरडा ब्रश. चुकून भिजलेच तर लगेच टॉवेलने दाबा, आत कागद कोंबा आणि कुशीवर आडवे ठेवा, म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंना हवा लागेल. हीटरजवळ नको, ताग ठिसूळ होतो. एखादा धागा सुटून आला तर ओढू नका, सगळी वेणी मोकळी होईल. कात्रीने कापा आणि टोकाला कापडाच्या गोंदाचा एक थेंब लावा.

माप घेताना किंचित घट्ट घ्या. कापड सैलावतं आणि ताग दबतो. दुकानात आरामशीर वाटणारा जोड दोन आठवड्यांत टाचेतून निसटतो.

---

मोरपीस

स्वेडच्या लोफरवर तेलाचा डाग पडला तर?

---

तळटीप

पाणी लावू नका. कोरड्या कागदाने टिपा, मग टाल्कम पावडर किंवा मक्याचं पीठ जाडसर थापून रात्रभर ठेवा. सकाळी स्वेडच्या ब्रशने झाडा. गरज पडली तर पुन्हा. कोरड्या डागाला पांढरा खोडरबर. दबून चकचकीत झालेली लव उठवायला किटलीच्या वाफेवर 15-20 सेंटीमीटरवरून काही सेकंद धरायचं आणि ब्रश करायचा. पाण्याचा ठिपका पडून कडा दिसत असेल तर उलट उपाय: ओल्या स्पंजने पूर्ण बूट एकसारखा ओलसर करायचा, आत कागद भरून सावलीत वाळवायचा, मग ब्रश. कडा नाहीशी होते, कारण सगळीकडे सारखंच वाळतं.

पाणीरोधक स्प्रे डाग पडायच्या आधीचा. 15-20 सेंटीमीटरवरून, हवेशीर जागेत, दोन पातळ हात, मध्ये अर्धा तास. एकच जाड हात दिला तर लव चिकटून बसते.

---

अनवाणी

वासाबद्दल. पायाच्या घामाला स्वतःचा फारसा वास नसतो. घामातल्या ल्युसिन या अमिनो आम्लापासून त्वचेवरचे जिवाणू आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात, तो खरा वास. म्हणून अत्तर मारून उपयोग नाही. ओल कमी केली की जिवाणूंचं काम थांबतं. एक जोड सलग दोन दिवस घालू नका, मध्ये किमान 24 तास जाऊ द्या. आतला तळवा रोज काढून बाहेर ठेवा. कापडी बुटात एक टेबलस्पून खाण्याचा सोडा रात्रभर, सकाळी झटका. आम्लाचा वास त्याने मरतो. कातडी अस्तरात सोडा टाकू नका, कातडं सुकून भेगाळतं.

फ्रीजरमध्ये बूट ठेवायचा सल्ला सगळीकडे फिरतो. गारठ्याने बहुतेक जिवाणू मरत नाहीत, नुसते थंडावतात. पाय आत गेला की पुन्हा सुरू.

---

शिवण

आता कपड्यांकडे वळूया का? लोफरवर पँटची लांबी कुठे असावी यावर फार गोंधळ दिसतो.

---

पाऊलवाट

उन्हाळी बूट उंचीने बुटके असतात, घोट्याच्या खाली संपतात. पँटचं कापड त्यांच्यावर साचलं की बूट दिसतच नाही आणि पाय आखूड वाटतो. म्हणून शिवण घोट्याच्या हाडाच्या साधारण 2 सेंटीमीटर वर किंवा बुटाला जेमतेम टेकेल अशी. मधली लांबी, जिथे एक सुरकुती पडते, ती लेसच्या औपचारिक बुटांना शोभते.

मोहरीची, म्हणजे पँटच्या पायाच्या खालच्या तोंडाची, रुंदीही तेवढीच महत्त्वाची. सपाट ठेवून मोजली तर एस्पाड्रिल, लोफर अशा निमुळत्या बुटांवर 17 ते 18 सेंटीमीटर छान बसते. जाड सोलच्या स्नीकरवर 20 ते 22. बारीक मोहरी आणि जाडजूड सोल एकत्र आले की पावलं अकारण मोठी दिसतात.

मोजे: दिसायचे नसतील तर अजिबात दिसू नयेत. लोफरसाठी खोल गळ्याचे, टाचेला आतून सिलिकॉनची पट्टी असलेले घ्या. पट्टी नसेल तर दहा पावलांत मोजा तळव्याखाली गोळा होतो. बिनमोज्याचे लोफर रोज घालणं टाळा, घामातल्या क्षारांनी कातडं आतून कडक होतं.

रंगाबद्दल माझं ठाम मत: पहिला जोड दुधी पांढरा घ्या, निळसर शुभ्र नको. लिनन, खाकी, फिकट निळा, सगळ्यांवर दुधी रंग शांत बसतो आणि मळ उशिरा दिसतो. तागाचा तळ आधीच पोतदार असतो, त्यावर लिनन किंवा जाड सुती कापड जमतं, चकचकीत कृत्रिम कापड जमत नाही.

---

रसायनी

यात एक भर: नव्या गडद डेनिमखाली पांढरे बूट घालू नका. नीळ धाग्याच्या आत खोलवर जात नाही, पृष्ठभागावरच बसते, म्हणून घासली की सुटते आणि बुटाच्या गळ्यावर निळी रेघ येते. जीन्स चार-पाच वेळा धुऊन घ्या किंवा मोहरी वर दुमडा. कॅनव्हासवरची रेघ वर दिलेल्या ऑक्सिजन ब्लीचने फिकी होते. कातड्यावर कापसाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एक-दोनदाच पुसा, लगेच कातड्याचं कंडिशनर लावा. जास्त घासलं तर कातड्याचा रंगही निघतो.

---

तळटीप

थोडं अवांतर, पण उपयोगाचं. बोट शूच्या सोलवर नागमोडी बारीक चिरा असतात. पॉल स्पेरी यांनी 1935 मध्ये आपल्या कुत्र्याचे पंजे बर्फावर घसरत नाहीत हे पाहून त्या काढल्या. या चिरा वाकताना उघडतात आणि ओल्या पृष्ठभागावर पकड देतात. त्यात वाळू आणि माती बसली की पकड जाते आणि दोष मात्र सोल झिजल्याला दिला जातो. सोल हाताने उलटा वाकवा, चिरा उघडल्या की कडक ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा. महिन्यातून एकदा पुरे.

कडेच्या कातडी दोरीला वर्षातून दोनदा कंडिशनरचा थेंब लावा, नाहीतर गाठीपाशी तुटते.

---

मोरपीस

सोल पुढून उकलला असेल तर घरी चिकटवता येतो का? आणि नवीन लेस घेताना लांबी किती?

---

अनवाणी

येतो, पण झटपट चिकटणारा सुपरग्लू नको. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि बूट वाकला की तुटतो. लवचिक राहणारं बुटांचं काँटॅक्ट चिकटद्रव्य घ्या. जुना थर खरवडा, दोन्ही बाजू 120 नंबरच्या सँडपेपरने खरबरीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दोन्ही बाजूंना पातळ थर लावून 10-15 मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकट वाटेल पण द्रव्य बोटाला येणार नाही, इतकं सुकू द्या. मग एकदाच नेमकं बसवून जोरात दाबा, नंतर सरकवता येत नाही. आत कागद ठासून भरा, बाहेरून जुन्या सायकल-ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळा, 24 तास हात लावू नका. बहुतेक वेळा फसतं ते ओल्या चिकटद्रव्यावरच सोल दाबल्यामुळे.

लेस: पाच जोड भोकांना 90 ते 100 सेंटीमीटर, सहाला 110 ते 120, सातला 120 ते 130. जुनी लेस मोजून घेणं सर्वांत सोपं.

---

शिवण

मोसम संपल्यावर ठेवायचे कसे? आणि कॉर्कच्या सँडलचं कोणी लिहिलंच नाही.

---

रसायनी

कॉर्क: कधीही बुडवू नका, उन्हात ठेवू नका, सुकून भेगा पडतात. कडेला उघडा दिसणारा कॉर्क निस्तेज झाला की त्यावर कॉर्क सीलरचा पातळ हात द्या. स्वेडचा तळवा काळवंडला तर किंचित साबणाच्या ओलसर फडक्याने पूर्ण पुसा, 24 तास वाळू द्या, ब्रश करा.

ईव्हीए फोमच्या (हलक्या, रबरासारख्या फोमच्या) चपला आणि क्लॉग (पुढून बंद, टाचेला उघडे) बंद गाडीत उन्हाळ्यात ठेवू नका. उष्णतेने ते खरोखर आकसतात, एखादं माप कमी होतं, आणि पूर्ववत होत नाहीत.

ठेवताना: धुऊन, दोन दिवस वाळवून, आत पांढरा कागद भरून, कापडी पिशवीत किंवा भोकं असलेल्या खोक्यात. हवाबंद प्लास्टिक नको. पॉलियुरेथेनचा सोल असेल तर आणखी एक: हवेतल्या दमटपणाने हा पदार्थ हळूहळू विघटित होतो आणि न वापरता ठेवलेला जोड काही वर्षांनी पहिल्याच दिवशी चुरा होऊन सुटतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दोन महिन्यांतून एकदा तरी घालून तासभर चाला. त्यानेही तो कायमचा टिकत नाही, पण सोल मऊ आणि चिकट वाटायला लागला, किंवा दाबल्यावर बारीक भेगा दिसल्या, की तो जोड लांबच्या चालण्याला नेऊ नका.